वस्तीतल्या लेकरांच्या आरोग्याचं ट्रेनिंग, सोलापूर: पैसे भरून केलं, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी साडेतीन)

आधीच सांगते, हे हॉटेल नाही की चादरीचं शोरूम नाही, पण पैसे भरलेत आणि सहा आठवडे घातलेत म्हटल्यावर रिव्ह्यू लिहायला काय हरकत आहे. मी पूर्व भागात बालवाडी चालवते, नऊ वर्षं झाली. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त पोरांच्या आया विड्या वळतात, वडील पावरलूमवर नाहीतर रिक्षावर, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड-उर्दू-मराठीची भेळ, आणि माझ्याकडं आल्यावर मराठी. तर आमच्या ग्रुपवर एक दिवस मेसेज आला, ‘वंचित बालकांसाठी समाजाधारित सामाजिक बालरोगशास्त्र: प्रशिक्षण व संशोधन’. वाचतानाच दम लागला. शेजारच्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविका, म्हणाल्या, "नाव एवढं मोठं ठेवलंय तर जेवण तरी देतील की ओ." फी १८०० रुपये, जेवण धरून. दोघींनी भरले.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला उद्या त्यांच्याकडंच पोरं घेऊन जायचंय.

रचना अशी की शुक्रवारी हॉलमध्ये क्लास आणि शनिवारी वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम, असे सहा आठवडे. आम्ही वीस-बावीस जण होतो, आशा, अंगणवाडी सेविका, नर्सिंगच्या दोन पोरी, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करणारी चार-पाच पोरं, एक रिटायर हेडमास्तर आणि एक होमिओपॅथीचे डॉक्टर जे पहिले दोन आठवडे नुसते मोबाईलमध्ये होते आणि नंतर सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारे तेच.

शुक्रवारचं लवकर उरकते. हॉल अक्कलकोट रोडच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर, चार पंखे त्यातले दोन चालतात, आणि सोलापूरचं ऊन माहितीच आहे. बायकांच्या बाथरूमची कडी तुटलेली, एकीनं बाहेर उभं राहायचं आणि दुसरीनं जायचं, असं सहा आठवडे. पन्नास वेळा सांगितलं. लेकरांच्या सुरक्षिततेवर दोन तासाचं लेक्चर देणाऱ्या लोकांना एक कडी बसवता येत नाही, असो. जेवण मात्र चांगलं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, एखादी पातळ भाजी, आणि वाढायला बचतगटाच्या बायका ज्या तिसऱ्या वेळी पण विचारत होत्या.

आता हे सामाजिक बालरोगशास्त्र म्हणजे काय ते मला जसं कळलं तसं सांगते. पोराला खोकला आहे, डॉक्टरनं बाटली दिली, चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी परत खोकला, कारण ज्या खोलीत पोरगं झोपतं त्याच खोलीत तंबाखूची पाटी उघडी असते आणि त्याच खोलीत चूल. बाटलीनं खोकला जाईल, खोली बदलत नाही. मग डॉक्टर, समाजसेवक आणि कायद्याचं माणूस अशा तिघांनी मिळून, दवाखान्यात नाही तर वस्तीत बसून, त्या घरातल्या माणसांनाच सोबत घेऊन बघायचं की ह्या लेकराला नक्की काय नडतंय. एवढंच. ऐकायला सोपं आहे.

ह्याचा जो नमुना शिकवला तो कॅनडातला. माँट्रियल शहरात ओशलागा-मेझोन्नव नावाचा कामगारांचा जुना भाग आहे, तिथं डॉ. जिल ज्युलियन नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १९९७ साली असं केंद्र सुरू केलं, पुढं सोबतीला एक वकील बाई, एलेन त्र्युदेल, म्हणजे औषध आणि लेकराचे हक्क एकाच टेबलावर. नंतर क्यूबेक प्रांतात अशी बरीच केंद्रं निघाली. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं झालं, आता कॅनडा, तिथं बर्फ पडतंय आणि इथं आमचं डांबर वितळतंय, काय संबंध. पण सर म्हणाले की त्या भागात पूर्वी कारखाने होते, ते बंद पडले आणि कामगारांची घरं तेवढी मागं राहिली. मग हॉलमधले सगळेच जरा गप झाले. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ह्या बंद पडलेल्या गिरण्यांची नावं घेतली की आमच्याकडं प्रत्येक घरात एक आजोबा निघतो. माझे पण होते.

तरीपण एक म्हणणं आहेच. जामखेड सोलापूरपासून काही लांब नाही, तिथं डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली गावातल्या, त्यातल्या कित्येक निरक्षर, बायकांना आरोग्याचं शिकवून काम उभं केलं, १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्याचा अभ्यास १९९९ ला लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला, आणि आज आमच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी असं करत बेचाळीस दिवसांपर्यंत ज्या फेऱ्या मारतात त्याचं मूळ तिथंच आहे. हे दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांत संपवलं आणि कॅनडाला दीड दिवस. आमच्या शेजारणीला ह्या फेऱ्या कुठनं आल्या हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, "मला वाटलं सरकारनंच काढलंय काहीतरी" म्हणाल्या. आपल्याच गोष्टीनं सुरुवात केली असती तर माणसं जास्त जागी राहिली असती, जेवणानंतर तर नक्कीच.

शुक्रवारातली एक गोष्ट मात्र वसूल. दंडाचा घेर मोजायची पट्टी. सगळ्यांना वाटतं ह्यात काय शिकायचंय. सहा महिने ते पाच वर्षांखालचं पोर, साडेअकरा सेंटीमीटरच्या आत लाल म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), साडेबारापर्यंत पिवळं म्हणजे मॅम (मध्यम कुपोषण), वर हिरवं, हे तोंडपाठ आहे की. मग मॅडमनी एकाच पोराचा दंड आम्हा सात जणींकडून मोजून घेतला आणि सात आकडे फळ्यावर लिहिले. सातात चार वेगळे! कोणी खांद्याजवळ मोजलं, कोणी पट्टी एवढी आवळली की दंडात रुतली, मी स्वतः उजवा हात धरला होता. डावा हात, कोपरात दुमडून खांदा आणि कोपर ह्याच्या बरोबर मधे खूण, मग हात खाली सैल सोडून मोजायचं, पट्टी टेकली पाहिजे पण रुतली नाही पाहिजे. नऊ वर्षं मी हौसेनं ती पट्टी फिरवतेय. लाजच वाटली.

आता शनिवार. साडेतीन स्टार जे आहेत त्यातले तीन शनिवारचेच धरा.

वस्तीतलं केंद्र म्हणजे समाजमंदिराची एक खोली. मधे टेबल, साधं प्लास्टिकचं, त्यावर कोरे कागद, खडू, आणि एका ताटलीत शेंगदाणे-गूळ. तपासायची जागा कोपऱ्यात पडद्यामागं. डॉक्टरमॅडम पांढरा कोट घालत नाहीत. नियम एकच, पहिली दहा मिनिटं आजाराचं काहीच विचारायचं नाही. आधी ओळख, मग बोलणं, मग समजून घेणं आणि काय करायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं, लेकरू धरून. आम्हाला हेच जमेना. आमच्यातल्या एका सेविकाबाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "शेवटचं वजन किती भरलं ओ?" तर मॅडमनी टेबलाखालनं त्यांच्या पायाला पाय लावला, मी बघितलं.

दुसऱ्या शनिवारी जे पोरगं आलं ते माझ्याच बालवाडीतलं. साडेचार वर्षांचं. त्याच्याबद्दल मी स्वतःच्या हातानं रजिस्टरला लिहिलेलं, ‘लक्ष देत नाही, हाक मारली तर येत नाही, बोलत नाही’. घरचे म्हणायचे आमच्यात पोरं उशिराच बोलतात. गल्लीतले म्हणायचे जरा कमी आहे. आई आली ती विड्यांचं सूप घेऊनच आली, कारण संध्याकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला माल द्यायचा होता. बसली, सूप मांडीवर, आणि बोलता बोलता हात चालूच, कापलेलं पान, त्यात तंबाखू, वळलं, तोंड दुमडलं, दोरा, टाकली, पुढची. एकदा पण खाली बघितलं नाही. आता लेकरांच्या केंद्रात तंबाखू उघडा, आमचे हेडमास्तर तर चुळबुळायला लागले. मॅडम काही बोलल्या नाहीत. नंतर आम्ही विचारलं तर म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सूप बाहेर ठेव म्हटलं असतं तर तिनं सूपासकट स्वतःला पण बाहेर ठेवलं असतं. मला हे अजून अर्धंच पटलंय. तिथं दुसरी लहान पोरं पण होती. पण खरं सांगायचं तर पंधरा मिनिटांनी त्या बाईनं आपणहून सूप उचललं आणि दाराबाहेर जावेकडं देऊन आली.

सोबत मोठी बहीण होती, आठ वर्षांची, ती कागदावर मागाचं चित्र काढत बसलेली, धोटा, दोरे, सगळं बारीक. मॅडम त्या पोराशी बोलायचा प्रयत्न करत होत्या, गूळ पुढं केला, नाव विचारलं, पोरगं बघतंय भिंतीकडं. आणि ही पोरगी मान वर न करता म्हणाली, "त्या बाजूनं बोला की. हिकडनं त्याला कळत नाही."

कोणी काहीच बोललं नाही. मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या, हळूच नाव घेतलं, आणि पोरगं वळलं.

मी तिथंच होते ओ. सात महिने ते पोर माझ्या वर्गात आणि मी समोरनं नाहीतर मागनं हाका मारतेय. आईला पण माहीत नव्हतं. का माहीत नव्हतं ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं, घराची भिंत आणि मागाच्या शेडची भिंत एकच. सकाळपासून खटक्-खटक् चालू, त्या घरात सगळेच एकमेकांशी ओरडून बोलतात. ओरडून बोललेलं त्याला ऐकू जायचं. मग कोणाच्या लक्षात येणार? ज्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात तिथं कमी ऐकू येणारं पोर दिसतच नाही. फक्त बहिणीला माहीत होतं कारण रात्री माग बंद झाल्यावर ती त्याच्याशेजारी झोपते आणि गोष्ट सांगते, आणि ती कुठल्या कानात सांगायची हे तिनं कधीच ठरवून टाकलेलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. १९८९ च्या बालहक्क करारात बारावं कलम आहे, लेकराचं म्हणणं ऐकून घ्यायचं असं, भारतानं १९९२ ला तो करार मान्य केला, शुक्रवारी वहीत लिहून घेतलं होतं मी, अंडरलाइन करून.

उजवा कान बघितला तर वाहत होता. दोन वर्षं येतंय-जातंय म्हणे, आणि आई लसूण टाकून तेल गरम करून सोडायची. मॅडम रागावल्या नाहीत, तेल बंद करा, कान कोरडा ठेवा, अंघोळीला कापूस लावा एवढं सांगितलं आणि सिव्हिलला कान-नाक-घशाकडं चिठ्ठी दिली. आता नेहमी गोष्ट इथंच संपते, चिठ्ठी घेऊन बाई घरी जाते आणि चिठ्ठी देव्हाऱ्यामागं. कारण सिव्हिलला गेलं की अख्खा दिवस, आणि अख्खा दिवस म्हणजे तेवढ्या विड्या गेल्या. पण टेबलावर हाच प्रश्न घेतला, की दिवस कसा काढायचा. चुलती म्हणाली तुझ्या पाचशे विड्या मी वळते. आमच्यातल्या नर्सिंगच्या पोरीनं सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचं कबूल केलं. बुधवारी गेले, पडद्याला भोक निघालं, औषध चालू झालंय, पुढं ऑपरेशनचं बघू म्हणालेत. आता मी त्याला उजव्या हाताला भिंत येईल असं बसवते म्हणजे डावा कान वर्गाकडं. परवा माझ्यामागं ‘कावळा’ म्हणाला. ‘कावा’ म्हणाला खरं तर.

मधेच एक गोष्ट, जी मला इथंच कळली. २०१३ पासून सरकारची आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजना आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असे चार गट, त्यात कान पण आहे. टीम अंगणवाडीत वर्षातनं दोनदा येते, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा. माझी बालवाडी ना अंगणवाडी ना शाळा. म्हणजे गाडी माझ्या दारावरनं पुढं जाते आणि माझी चाळीस पोरं कोणाच्याच यादीत नाहीत. हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मी पण विचारलं नव्हतं. आता जवळच्या अंगणवाडीताईंशी बोलून तपासणीच्या दिवशी पोरं तिकडं नेते.

कायद्याचं सत्र बरं होतं. वकीलताई सोलापुरी बोलणाऱ्या, त्यामुळं झोप नाही आली. लेकरांसाठीचा मदतीचा फोन १०९८ चोवीस तास चालतो आणि फुकट आहे, बालकल्याण समितीपुढं काय होतं, २०१२ च्या पोक्सोमध्ये, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, कळल्यावर कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, ‘घरचं प्रकरण’ म्हणून गप बसता येत नाही, हे सगळं उदाहरणांनी. आणि एक ताकीद, की १०९८ ची धमकी आयांना द्यायची नाही. हे आमच्यातल्या दोघीतिघींना लागलं, कारण देतो आम्ही.

आता संशोधन. इथं दीड स्टार कापलाय.

चौथ्या-पाचव्या शनिवारी आम्हाला टॅब दिले आणि घरोघरी जाऊन फॉर्म भरायला लावला. फॉर्म लांबलचक, नुसता मराठीत. ज्या घरात मी गेले तिथं आजी तेलुगू, आई तेलुगू, मराठी कामापुरतं. मग भाषांतर कोण करणार, तर शेजारची चौदा वर्षांची पोरगी. आणि प्रश्न काय, नवरा पितो का, मारतो का, रात्री जेवण कमी पडतं का. त्या पोरीनं हे आपल्या चुलतीला विचारायचं? ती लाल झाली, चुलती हसली आणि ‘लेदू, लेदू’ म्हणाली, म्हणजे नाही. मी ‘नाही’ वर टिक केलं. ते उत्तर आहे का? ते उत्तर नाही, पण टॅबमध्ये ते उत्तरच आहे, आणि उद्या कुठंतरी त्याचा तक्ता होईल.

बरं आदल्याच शुक्रवारी आम्हाला शिकवलेलं की आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, २०१७ च्या नियमांप्रमाणं नुसती आईबापाची सही पुरत नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आणि त्यावरच्याची लेखी, त्याला समजेल अशा भाषेत. शनिवारी टॅबवर तो रकानाच नव्हता. विचारलं तर डेटावाले दादा म्हणाले, "ताई, तो पुढच्या व्हर्जनमध्ये येईल." म्हणजे पोरांचे हक्क पण अपडेट आल्यावर.

आणि सगळ्यात लागलं ते वेगळंच. एका दारात एक म्हातारी म्हणाली, "मागच्या साली पण पोरी आलत्या. लिहून नेलं. पुढं काय झालं सांगायला कोण आलं नाही. तुमी काय करलालाव परत?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. टेबलावर बसून माणसाला बरोबरीनं वागवायचं शिकवणारी हीच माणसं, आणि माहिती न्यायची वेळ आली की ब्रँचवाल्यासारखी, माल मोजून घेतला आणि चालले. शेवटच्या दिवशी हे उभं राहून बोलले. डॉक्टरमॅडमनी लिहून घेतलं, वस्तीत सभा घेऊन निकाल वाचून दाखवू म्हणाल्या. अजून सभा झालेली नाही. झाली तर इथंच येऊन अर्धा स्टार वाढवेन.

सर्टिफिकेट दोन महिन्यांनी आलं, त्यात माझं आडनाव चुकलेलं. त्याचा प्रमोशनला, मानधनाला वगैरे काही उपयोग नाही, सेविकांनी ह्या आशेनं जाऊ नका, आमच्यातल्या दोघी त्यासाठीच आलेल्या आणि हिरमुसल्या. ज्यांना रोज पोरं हाताळायचीत, बालवाडीताई, आशा, शाळेतल्या बाई, लहान दवाखानेवाले, त्यांनी १८०० रुपये बिनधास्त घालावेत. ज्यांना फक्त अहवालात फोटो पाहिजे त्यांच्यासाठी पण सोय आहे, बॅनर लई मोठा लावतात.

जाणार असाल तर पाण्याची बाटली न्या, चालू पंख्याखालची खुर्ची साडेनऊला जाऊन धरा, आणि पैसे भरायच्या आधी विचारून घ्या की सहाच्या सहा शनिवार वस्तीतच आहेत ना, कारण आमच्या बॅचचा एक शनिवार पाहुणे आले म्हणून हॉलमध्येच गेला. पुढची बॅच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संपल्यावर आहे. तेलुगू बोलणारं कोण घेतलंय का तेपण फोनवर विचारा, मी विचारलं तर ‘बघू’ म्हणाले, दहा जणांनी विचारलं तर कदाचित बघतील.